पाठीचे आकडे

४ नोव्हेंबर, मंगळवार

एकोणीस पाठी बघून आलो. रात्रीचं जेवण गेलं नाही.

शहराबाहेर, बख्शी का तालाबच्या पुढे, शेतांच्या मधोमध कुर्त्यांची फॅक्टरी. बाहेरून काचेची, दाराशी कुंड्या, कुंड्यांना गेरू. चिकनचे कुर्ते बायका गावोगावी घरी भरतात, ते धुऊन इथे येतात. इथे उरलेले धागे कापायचे, डाग शोधायचे, इस्त्री, घडी, पेटी. परदेशातल्या गिऱ्हाइकाने फर्मावलंय — कामगार कुठल्या पोश्चरमध्ये काम करतात ते बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या. बाहेरचा माणूस मी.

हॉलच्या दाराशी पोचलो आणि आतून आवाज आला. घुर्र! रबर फरशीवर घासल्याचा, एकदम दहाबारा ठिकाणी. चाक अडकलेल्या ट्रॉल्या एकदम ढकलल्यासारखा. आत पाऊल टाकलं तर सगळं शांत आणि सगळ्या कामात. माझे कान कापडाच्या मागावर तयार झालेत, ते फसत नाहीत. काहीतरी हलवलं, लपवलं. अशा भेटीच्या दिवशी फॅक्टरीवाले तुटकं सामान आत ढकलतातच, हे मला नवं नाही. मनात म्हटलं, लपवा लेको, मला तुमच्या ट्रॉल्या मोजायच्याच नाहीत.

आठ जणी इस्त्री-पॅकिंगच्या उंच टेबलांशी. त्यांचं ठीक. पण धागा कापणाऱ्या अकरा जणी! सिमेंटचे ओटे, गुडघ्याच्या जेमतेम वर. उभं राहून त्यावर काम करायचं म्हणजे कंबरेतून घडी. हातात बारकी कात्री, डोळे कापडाला लागलेले, आठ-आठ तास. कोणी बांधले हे ओटे? कुठल्या गाढवाने उंची ठरवली? जमिनीवर बसणाऱ्याला उंच, उभ्याला बुटके.

फोटो काढले. अकरा जणींच्या पाठी जमिनीला समांतर. शी!

एच.आर.चा निरंजन अवस्थी वरच्या केबिनमध्ये बसतो. जीभ अशी की मध निथळावा. "पहले चाय लीजिए हुज़ूर, कमरें कहाँ भागी जा रही हैं।" स्वतःच हसला. मी चहा घेतला. घ्यावा लागतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

गुरुनानक जयंतीची सुट्टी. दिवसभर डायनिंग टेबलवर फोटो पसरून कोनमापक लावत बसलो. मान इतकी, कंबर इतकी, गुडघे, खांदे, मनगट. सगळ्यांची मिळून एक ते पंधरामध्ये बेरीज येते. आकडा जितका मोठा तितकं ते काम शरीराला वाईट. अकरा किंवा वर म्हणजे वाट बघू नका, आजच बदला.

अकराच्या अकरा जणी अकरा-बारावर. एक कल्पना म्हणून आहे, ओटा तीन, ती बारा.

सुरुची मागून डोकावली. "पापा, आप छुट्टी के दिन औरतों की कमर नाप रहे हो?" लीलाला एवढं हसू आलं की हातातलं लाटणं बाजूला ठेवलं. मीही हसलो. मग पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि हसू गेलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरी फेरी. नुसत्या फोटोंवर मी कधी भिस्त ठेवत नाही, माणसाशी बोलतो. हॉलच्या दाराशी परत तोच आवाज. म्हटलं, यांच्या ट्रॉल्या अजून दुरुस्त झाल्या नाहीत वाटतं.

कल्पना पस्तिशीची, शेजारच्या गावची, नऊ वर्षं इथेच. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ते पहिल्या दोन वाक्यांतच सांगून झालं. आसपास चालत जाण्याजोगी ही एकच नोकरी. नवऱ्याचं विचारलं तर म्हणाली, "हैं", आणि कात्री चालू ठेवली. म्हणजे तो असून नसल्यासारखाच.

विचारलं, रोज असंच काम करता? "जी सर जी।" कंबर दुखते? "नहीं सर जी।" आता बाराच्या आकड्याची बाई कंबर दुखत नाही म्हणते, तर समजून घ्यायचं. दुखणं कबूल केलं तर नोकरी जाईल ही भीती. मी मान डोलावली आणि माझ्या पत्रकावर तिचं नाव लिहिलं. तिने पाहिलं. "हमारा नाम लिखेंगे?" म्हटलं, लिहिणार तर! तुमची पाठ, तुमचं नाव. खूश झाली. शेजारणीला खुणावलं.

शेजारीण म्हणजे नफ़ीसा आपा. पन्नाशी उलटलेली, सगळ्या हॉलची जीभ तिच्याकडे. मी कोनमापक तिच्या पाठीजवळ धरला तर म्हणते, "सर जी, कमर तो दर्ज़ी भी नापता है। मगर वो बाद में कुर्ता देता है।" सगळ्या तोंडाला ओढणी लावून हसल्या. मी म्हटलं, आपा, कुर्ता नाही, उंच टेबल देईन. "इंशाअल्लाह," ती म्हणाली, आणि ते अशा सुरात की टेबल काही येत नाही हे मला कळावं.

निघताना सगळ्या ताठ उभ्या राहून आदाब-नमस्ते. मी बाहेर पडेपर्यंत एकही खाली वाकली नाही. या शहराची ही रीत मला तीस वर्षांनीही गोड लागते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अहवाल दिला. पहिल्या पानावरच ठळक लिहिलंय: दोष ओट्यांचा. ओटे कंबरेएवढे उंच करा. ते जमत नसेल तर बसायला योग्य उंचीचं काही द्या. मागे एकोणीस पत्रकं, प्रत्येकावर नाव, फोटो, आकडा.

अवस्थी पानं उलटत होता. पहिलं पान त्याने वाचलं नाही, मी बघत होतो. पत्रकांशी थांबला. "अरे वाह, आपने तो नाम के साथ दिया है! यह बहुत बढ़िया किया।"

त्या 'बढ़िया'त काहीतरी होतं. माणूस माल हाती लागल्यावर बोलतो तसं. रिक्षात बसल्यावरही ते कानात घोळत होतं. मग अमीनाबादला लीलासाठी रजईचं कापड घ्यायचं होतं, त्या गर्दीत विसरलो.

विसरायला नको होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. कल्पना. मागे बसचे हॉर्न.

अकराही जणींना काल काढलं! कागद दिला: 'मेडिकली अनफिट फॉर द पोज़िशन.' आधार काय, तर माझी पत्रकं. प्रत्येकीला तिचं पत्रक दाखवलं, आकड्यावर बोट ठेवलं आणि हिशेब करून फाटकाबाहेर.

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. अगदी अदबीने बोलत होती. "सर जी, आपने बारह लिखा है। हमारी कमर ठीक है, सर जी। आप एक बार और देख लेते।"

मी काय बोललो आठवत नाही. बघतो म्हणालो असेन. आयुष्यभर साहेबलोकांच्या तोंडून ऐकलेला शब्द, आज माझ्या तोंडून.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळीच गेलो. अवस्थीने चहा मागवला, मी घेतला नाही.

तो खरंच गोंधळलेला दिसला. मी का चिडलोय हे त्याला कळत नव्हतं! "हमने तो आप ही की रिपोर्ट पर अमल किया है। आपने लिखा, हाई रिस्क तुरंत हटाइए। हमने हटा दिया।"

म्हटलं, काम बदला म्हणालो होतो, माणूस नाही. आकडा ओट्याचा आहे, बाईचा नाही.

"ऊपर तो नाम लिखा है," तो म्हणाला. आणि पत्रक माझ्याकडे सरकवलं. माझं अक्षर. कल्पना.

काचेतून खाली हॉल दिसतो. अकरा नव्या पोरी, वीस-बाविशीच्या, त्याच ओट्यांवर, तशाच घडी घातलेल्या. तो कौतुकाने म्हणाला की या तरुण आहेत, यांचा स्कोर कमी येईल. डोक्यात जे आलं ते इथेही लिहीत नाही. किळस आली. त्याची, त्या काचेची, तिथल्या बिस्किटांच्या बशीची.

पण मीही काही काल जन्मलो नाही. गिऱ्हाइकाला ३० तारखेपर्यंत शेवटचं पत्रक हवंय, 'सुधारणा झाली' असं, माझ्या सहीचं. सहीशिवाय पेट्या बंदरावरून पुढे जाणार नाहीत. म्हटलं, शनिवारी येतो. या नव्या पोरींचे आकडे घेऊ. कमी आले तर सही.

खुशीने हो म्हणाला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

लीलाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: "अहो, पण नावं कशाला लिहिलीत? बाकीचे लिहितात का?"

नाही. बाकीचे 'स्टेशन एक, स्टेशन दोन' लिहितात. नियमच तसा आहे. मी पंधरा वर्षं मुद्दाम मोडत आलोय.

सोलापुरात टॉवेलच्या मागावर लागलो तेव्हा चौदाचा होतो. सात नंबरचा माग, म्हणून मी 'सात नंबर'. सात नंबर, बॉबिन आण. सात नंबर, इकडे ये. मालक फेरीला आला की सात नंबर उभा, तोंडात घास असला तरी. चार वर्षांत त्या कारखान्यात कोणी मला नावाने हाक मारली नाही. रात्रशाळा, फिटर, मग इकडे बदली, मग सेफ्टीचा डिप्लोमा, मग स्वतःची पाटी. पाटी लागली त्या दिवशी ठरवलं, माझ्या कागदावर माणसाला नंबर नसेल.

केवढा अभिमान त्याचा! कुठल्याही ट्रेनिंगला गेलो की ही गोष्ट सांगतो, लोक टाळ्या वाजवतात. त्या अभिमानाने अकरा जणींना फाटकाबाहेर काढलं. 'ओटा तीन' लिहिलं असतं तर अवस्थीने ओट्याला नोटीस दिली असती का!

स्वतःचाच वीट आलाय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नव्या पोरींचे आकडे: अकरा, बारा, अकरा, बारा, बारा...

अवस्थीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मगर ये तो बीस साल की हैं!" म्हटलं, ओटे जुनेच आहेत.

आणखी एक कळलं, ते त्याने सांगितलं नाही, मी जिन्यात उभा राहून ऐकलं. सुपरवायझर फोनवर मालकाला सांगत होता की नव्या पोरींच्या हातून डाग सुटतायत, कापताना टाके जातायत, दोनशे कुर्ते परत आले. जुन्या असत्या तर पेट्या कालच गेल्या असत्या. मालकाचा आवाज फोनमधून पार जिन्यापर्यंत.

हळूहळू खाली उतरलो. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अवस्थीचा स्वतःहून फोन. मालक म्हणतात, जुन्यांना परत घेऊ. शुक्रवारी दहाला बोलावलंय. अट एकच, प्रत्येकीचा आकडा आठच्या आत आला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक मानणार नाही.

मी विचारलं, ओटे?

ओटे आहेत तसेच राहतील. सीझनमध्ये तोडफोड नको, मालकांनी साफ सांगितलंय.

म्हटलं, मग आकडा आठच्या आत येणार कसा? त्याच बायका, तेच ओटे!

मग आवाज खाली आणून, एकदम घरच्या माणसासारखा: "भाई साहब, क़लम तो आपके हाथ में है। ग्यारह घरों की दुआ लगेगी।"

थू! फोन ठेवल्यावर हात धुतले. खरंच धुतले, साबणाने.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पण चूक काय बोलला तो?

बाराच्या जागी सात लिहायला कितीसा वेळ? कोन पंधरा अंश कमी मापला की झालं. कोण तपासणार? कल्पनाची मुलगी शिकेल, नफ़ीसा आपाची चूल पेटेल. आणि कागद म्हणेल की सगळं उत्तम आहे, आणि ते ओटे माझ्या सहीने पुढची वीस वर्षं तसेच उभे राहतील. त्यांच्या पाठी माझ्या सहीने वाकतील.

खरं लिहिलं तर नोकरी जाते. खोटं लिहिलं तर पाठ जाते. आणि दोन्हीकडे कलम माझंच!

लीलाला विचारलं, तू काय केलं असतंस? ती म्हणाली, मी आधी त्या बायकांना विचारलं असतं. म्हटलं, विचारलं होतं की. "काय विचारलंत?" रोज असंच काम करता का, म्हणून. "आणि त्या काय म्हणाल्या?" जी सर जी. लीला म्हणाली, "इथल्या बाया साहेबाला कधी नाही म्हणतात का हो?" आणि दिवा मालवायला उठली.

सुरुची खोलीतून, अर्धवट झोपेत: "पापा, झूठ मत लिखना। आपसे ठीक से होगा भी नहीं।"

सात लिहायचं ठरवलंय. उद्या सात लिहीन, आणि त्यानंतर पाटी उतरवीन.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दहाला पाच कमी असताना फाटकाशी पोचलो. अकरा जणी आतल्या बाजूला, भिंतीकडेच्या उन्हात बसलेल्या. मला पाहिलं आणि — घुर्र!

तोच आवाज. अकरा ठिकाणी एकदम. सगळ्या ताठ उभ्या, आणि प्रत्येकीच्या मागे ढकललेला बसायचा एक बुटका बांबूचा मोढा, बुडाला टायरचं रबर.

हे काय म्हणून विचारलं. नफ़ीसा आपा म्हणाली, कामाचे मोढे, घरून आणलेले, नऊ-दहा वर्षं ओट्यांखालीच असतात. काढलं तेव्हा उचलून नेले, आज परत आणले. यांच्यावर बसूनच धागा कापतो, उभ्याने कोण कापेल?

मग मी आलो त्या दिवशी?

कल्पनाला माझा प्रश्नच कळेना. "आप खड़े थे, सर जी। हम बैठे रहते?"

अवस्थी खाली आला, नाहीतर वर काचेशी दिसला, की उभ्या. मालक आला की उभ्या. म्हणजे इथे काम कसं होतं हे आजवर एकाही साहेबाने पाहिलेलं नाही. आणि मी! दोनदा ऐकलं, आणि ओट्याखाली एकदा वाकून पाहिलं नाही. सात नंबर कधी बसलाच नव्हता जणू.

आत गेलो. त्याही मोढे घेऊन आपापल्या ओट्यांशी आल्या, उभ्याच. ओटा तीनसमोर फरशीवर मांडी घातली. अवस्थी खुर्चीसाठी ओरडला, नको म्हटलं. कोणी हलेना. मी पत्रक मांडीवर घेऊन बसून राहिलो. बऱ्याच वेळाने एक मोढा वाजला. मग दुसरा. मग सगळे.

कोन दोनदा मापला. वर नाव लिहिलं नाही.

ओटा तीन, मोढ्यासह. आकडा — चार.